अस्सल गाणं कोणतं?

बीटल्सच्या 'आय फील फाइन'ची सिंगल तबकडी अमेरिकेत 23 नोव्हेंबर 1964 रोजी विक्रीला आली, ब्रिटनमध्ये 27 नोव्हेंबरला. ध्वनिमुद्रण लंडनचंच, पण अमेरिकी तबकडीवर गाणं घुमतं, कारण कॅपिटॉल कंपनीने त्यावर प्रतिध्वनी चढवला होता. त्याच सुमारास कोलकात्याच्या दमदम कारखान्यात बीटल्सची काही गाणी लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत होती. ब्रिटनने तोवर ती गती सोडून दिली होती.

यातली अस्सल कोणती? बहुतेक संग्राहकांचं उत्तर ठरलेलं असतं: ब्रिटनच्या पार्लोफोनची, म्हणजे ईएमआय कंपनीच्या लेबलची. बाकीच्या 'परदेशी'.

ती ब्रिटिश तबकडी उजेडात जरा तिरपी धरावी. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर बारीक अक्षरं दिसतात. जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, ए म्हणजे 3, असा ईएमआयचा संकेत होता. तबकडी कितव्या साच्यातून निघाली, ते त्यावरून कळतं. आधी टेपवरून लॅकरची तबकडी कोरायची, तिच्यावरून धातूचा उलटा ठसा, त्यावरून सुलटी 'मदर', तिच्यावरून पुन्हा उलटा स्टॅम्पर. टेप आणि तबकडी यांच्यामध्ये लंडनमध्येसुद्धा चार पायऱ्या होत्या.

मग अस्सलपणा ठरवायचा कसा? नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना विचारलं तर ते म्हणतील, 'सामान्य', म्हणजे अनेक वस्तूंत समान असणारं तत्त्व, एकच असतं आणि प्रत्येक व्यक्तीत सारखंच नांदतं. एका गाईत गोत्व जास्त, दुसरीत कमी, असं होत नाही. म्हणजे गाणं दमदमच्या लाखेतही पुरतं आहे. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती हे बौद्ध आचार्य उलट टोकाला उभे आहेत. त्यांच्या मते सामान्य ही मनाची रचना. खरं ते फक्त स्वलक्षण, म्हणजे समोरची ही एकमेव वस्तू. मग घुमणारी तबकडी ही कुणाची बिघडलेली नक्कल नव्हे, ती वेगळीच वस्तू आहे.

दोन्ही दर्शनं एकमेकांशी भांडतात, पण ब्रिटिश तबकडीला वरचं आसन त्यांपैकी कोणीच देत नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी तो प्रतिध्वनी घातला नव्हता. कर्त्याच्या इच्छेला काही किंमत आहे की नाही? नक्कीच आहे. त्या इच्छेची साक्ष ब्रिटिश तबकडीच देते, आणि तो मान तिचाच. पण गाणं कर्त्याच्या हातून सुटून लोकांच्या घरी कसं पोचलं, याची साक्ष द्यायला ती अपुरी आहे. अमेरिकेतल्या पोरांनी जीव लावला तो घुमणाऱ्या आवाजाला.

म्हणून घरच्या जुन्या पेटीत दमदमची अशी एखादी तबकडी सापडली, तर दुय्यम समजून ती भंगारात देऊ नका. लाख ठिसूळ असते. तबकडी उभी ठेवा.