हरला तो अधर्मी काय?

रामदेवरावाचे नाव कीर्तनात निघाले की कोणी ना कोणी विचारतोच, "महाराज, राजा एवढा धर्मनिष्ठ, मग राज्य का बुडाले?" आमच्या कसब्यात हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. उत्तरही विचारणाऱ्याच्या खिशात तयार असते: काहीतरी पाप घडले असेल! मला हे उत्तर मान्य नाही.

रामचंद्र यादव 1271 साली देवगिरीच्या गादीवर आला. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये त्याच्याच राज्यात सांगितली गेली. पंढरीच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखात दान देणाऱ्यांच्या पंगतीत त्याचे नाव आहे, आणि तेथे त्याला पंढरीच्या फडाचा प्रमुख म्हटले आहे. मंत्री हेमाद्री, व्रते, दाने, श्राद्धे यांवर त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' केवढा थोरला! असे असून 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि राजाला खंडणी मोजावी लागली. 1318 च्या सुमारास घराणेच संपले.

आता पाप शोधू जाणाऱ्याला पाप सापडतेच. रामचंद्राने चुलतभाऊ आमण याला पदच्युत करून त्याचे डोळे काढविले होते. झाले, मिळाले कारण! पण मग ते पाप पंचवीस वर्षे कोठे निजले होते? शिवाय डोळे काढविले राजाने, आणि वेढ्यात उपाशी राहिले कोण? गडावरचे पाणके, मोतद्दार, दळणाऱ्या बाया. कर्म ज्याचे त्याला, हे आपण मानतो ना? मग राजाचे कर्म दळणारीच्या पोटावर का घालता?

मीमांसकांचा एक न्याय आहे. डोळ्यांना दिसणारे कारण पुरत असेल तर अदृष्टाची कल्पना करू नये. येथे दिसणारे कारण आहे. राजपुत्र शंकरदेव मोठी फौज घेऊन बाहेर गेलेला. गडावर धान्य म्हणून चढविलेल्या गोण्या फोडल्या तो आत मीठ निघाले, असे फिरिश्त्याने लिहिले आहे. गोणी उघडून पाहणारा कोणी नव्हता हो! त्यात दैवाचा काय संबंध?

चीन देशात तर 'हरला तो अधर्मी' हे राजनीतीचे सूत्रच होते. स्वर्ग राज्य करण्याची आज्ञा देतो, राजा बिघडला की ती काढून घेतो. पूर, दुष्काळ, बंड ही तिची चिन्हे. राजाला धाक राहावा म्हणून हे ठीक. पण घडले काय? आपला रामचंद्र गादीवर आला त्याच 1271 साली मंगोल कुब्लाईखानाने चीनमध्ये आपल्या घराण्याला युआन हे नाव दिले, आणि 1279 मध्ये जुने सुंग घराणे बुडविले. शेवटचा सुंग बादशहा आठ वर्षांचे पोर; त्याला घेऊन मंत्र्याने समुद्रात उडी टाकली. त्या लेकराने कोणता अधर्म केला होता? पुढे सुंगांचा अधिकृत इतिहास लिहविला तो युआन दरबाराने, 1345 मध्ये. 1368 मध्ये युआनही गेले, आणि जिंकलेल्या मिंगांनी लगेच युआनांचा इतिहास लिहविला. जिंकणाऱ्याने लेखणी धरायची आणि स्वर्गाची सही आपणच ठोकायची, मग निकाल दुसरा कसा लागणार?

लांब कशाला जा. 1630 च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने हेच पुणे जाळले, गाढवांचा नांगर फिरविला, पहार ठोकली. गावावर दैवाचाच कोप झाला, पुन्हा येथे कोणी वस्ती करू नये, असा त्याचा अर्थ. लोकांनी तो मानला असता तर? पण जिजाबाई बाळ शिवाजीला घेऊन येथे आल्या. सोन्याच्या फाळाने जमीन नांगरली असे सांगतात. सोन्याचा फाळ आमच्या मुरमाड भुईत कितीसा शिरणार, ते असो. पांगलेली कुळे परत आली, लालमहाल उभा राहिला, आणि कसब्याच्या गणपतीचे देऊळ जिजाबाईंनी बांधविले.