मापातली आच

आज हातात काही घ्यायचं नाही. पत्र्याची कात्री, कानस, डाग द्यायची बत्ती, सगळं जागेवर राहू दे. वाफेच्या लहान इंजिनासाठी स्पिरिटचा बर्नर आज मनातच बांधायचा आहे आणि घाई न करता बांधायचा आहे. तामलवाडीत असाल तर सोलापूर-तुळजापूर रस्त्यापासून जरा आत बसा. टोलनाक्याकडून गिअर बदलणाऱ्या ट्रकांचा आवाज येईल, येऊ दे. पाठ टेकवा. डोळे उघडेच असू देत, कारण बघायचं खूप आहे.

आधी इंजिन. तामलवाडीला आजवर रेल्वे नव्हती. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचं काम आता कुठे चालू आहे. पण धाराशिव जिल्ह्याला वाफेचं इंजिन नवं नाही. बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढे येडशी, ढोकी, मुरूड करत १९११ साली लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने तिची आखणी एका नेमावर केली होती: कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. रूळ हलके, खर्च बेताचा, तरी गाडी दमदार. लीड्सच्या किट्सन कारखान्यातून आलेल्या इंजिनांना ओढीची आठ चाकं होती आणि मागे चार लहान. पाण्याच्या टाक्या इंजिनाच्या अंगावरच, मागे वेगळा टेंडर नाही. कोळसा ड्रायव्हरच्या पाठीमागच्या खणात.

त्या इंजिनाकडे जरा वेळ बघा. आठ चाकं दोन ओळींत आहेत आणि वजन त्यांच्यावर सारखं वाटलेलं आहे. ते मनात पक्कं बसलं की पुढे जाऊ.

आता ते लहान करा. छंद म्हणून इंजिनं बनवणारे बरेच जण ४५ मिलिमीटर अंतराचे रूळ वापरतात. त्यांवर हे इंजिन बसवायचं तर ते सुमारे सतरा पट लहान होतं. लांबी सतरा पट कमी झाली, तर बॉयलरचा पृष्ठभाग जवळजवळ २९० पट कमी होतो आणि त्यातलं पाणी सुमारे ४,९०० पट. हे आकडे भरभर वाचून पुढे जाऊ नका. पाणी इतकं घटलं, पण त्या मानाने उष्णता बाहेर टाकणारा पत्रा सतरा पट जास्त उरला. म्हणजे लहान बॉयलर झटकन तापतो आणि तितक्याच झटकन निवतो. मोठ्या इंजिनाची प्रत्येक गोष्ट तंतोतंत लहान करता येते, पण उष्णतेचा स्वभाव लहान करता येत नाही.

कोळशाचंही तेच. पेटलेले खडे एकमेकांच्या धगीवर जगतात. काडेपेटीएवढ्या जाळीवर मावतात तेवढे खडे एकमेकांना धग पुरवू शकत नाहीत, काळे पडतात. जाणकार माणसं तेही साधतात. पण घरी पहिला बर्नर करणाऱ्याने स्पिरिटच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. मग कोळशाचा तो मागचा खण रिकामा राहतो, आणि आपली टाकी तिथेच बसणार आहे.

स्पिरिटची ओळख करून घेऊ. सुतार पॉलिशसाठी ज्यात लाख विरघळवतात तेच हे. मुळात अल्कोहोल, आपल्याकडे बहुतेक उसाच्या मळीतून आलेलं. पिता येऊ नये म्हणून त्यात मिथेनॉलसारखं विष मिसळतात. मिथेनॉल माणसाची दृष्टी घालवतं, जीवही घेतं. तामलवाडीच्या शिवारातल्या बालाजी अमाइन्सच्या कारखान्यात मिथेनॉल आणि अमोनियापासून अमाइन्स बनतात, त्यामुळे हे नाव इथे परकं नाही. मनात एक बाटली घ्या, तिच्यावर ठळक अक्षरांत नाव लिहा आणि ती मुलांच्या हाताला येणार नाही अशा फळीवर ठेवा. पाण्याच्या जुन्या बाटलीत स्पिरिट कधीही भरायचं नाही.

स्पिरिट ७८ अंशांना उकळतं, पण पेटायला त्याने उकळावं लागत नाही. तेरा-चौदा अंशांनाच त्याच्या पृष्ठभागावर पेटण्याजोगी वाफ जमते. या भागात थंडीतल्या काही पहाटा सोडल्या तर वर्षभर हवा त्याहून गरमच असते. म्हणून उघडं स्पिरिट इथे सदैव पेटायला तयार आहे असं समजून वागायचं.

आता वात. आठ मिलिमीटर पोकळीच्या पितळी नळीचे दोन सेंटीमीटर उंचीचे तीन तुकडे एका आडव्या नळीवर उभे करा. आडव्या नळीचं पुढचं तोंड बंद, मागचं तोंड टाकीकडे. सांध्यांना डाग चांदीचा द्यायचा. कथील-शिशाचा डाग १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो, आणि वात कोरडी पडली की नळीचं तोंड तेवढं सहज तापतं. मग सांधा सुटतो आणि पेटतं स्पिरिट खाली सांडतं. इथे चांदीत काटकसर करणारा माणूस चुकीच्या जागी पैसे वाचवतो.

नळीत वात भरा. पूर्वी ॲस्बेस्टॉस वापरत. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो, त्यामुळे जुन्या बर्नरमध्ये ते सापडलं तर बोटांनी उकरूसुद्धा नका. काचेच्या धाग्यांची दोरी चालते, साधं सूतही चालतं. सूत जळत कसं नाही? इथे थोडं थांबू. जळते ती स्पिरिटची वाफ. ती वातीच्या टोकापासून सुटते आणि सुटताना टोकाची उष्णता घेऊन जाते. वात ओली आहे तोवर तिचं टोक स्पिरिटच्या उकळण्याच्या अंशांपलीकडे फारसं तापत नाही. डोक्यावर ज्योत आणि तिच्याखाली पांढरं सूत शाबूत, ही गोष्ट कितीदाही बघितली तरी मला तिचं नवल वाटतं. स्पिरिट संपलं की मात्र तेच सूत काळं पडायला लागतं.

वात ठासून भरली तर स्पिरिट चढत नाही, सैल भरली तर ज्योत भडकते. धागे उभे, एकमेकांना लागून, पण चिमटीत धरून ओढले तर सरकतील असे. किती घट्ट, हे बोटांना कळतं. लिहून सांगता येत नाही.

नवरात्राच्या आधी तुळजापूरहून ज्योत घेऊन आपापल्या गावांकडे धावत जाणारी पोरं या रस्त्याने दरवर्षी दिसतात. एकाच्या हातात पेटती ज्योत, सोबत कुणाकडे तरी तेल. ज्योत मंदावली की तेल घातलं जातं, कारण तिच्याकडे लक्ष देणारा माणूस बरोबर असतो. आपल्या इंजिनाबरोबर कुणी धावणार नाही. पेटत्या बर्नरमध्ये स्पिरिट ओतायचं नाही हा तर पहिला नियम, कारण ज्योत धारेवरून बाटलीत शिरते. मग वातींना जितकं लागतं तितकंच, लागेल तेव्हाच, कोण देणार?

याचं उत्तर कोंबड्यांना पाणी पाजायच्या प्लास्टिकच्या भांड्यात आहे. वर उलटा हंडा, खाली थाळी. थाळीतलं पाणी कोंबडीने प्यायलं की हंड्याच्या काठाचं भोक उघडं पडतं, एक बुडबुडा वर जातो, तेवढं पाणी खाली येतं, भोक पुन्हा बुडतं आणि धार थांबते. आपली टाकी हुबेहूब तशी. वरची टाकी हवाबंद. तिच्या बुडातून एक नळी खालच्या लहान हौदात उतरते. दुसरी बारीक नळी हवेची. तिचं वरचं टोक टाकीत माथ्याजवळ, खालचं टोक हौदात नेमक्या उंचीवर. वातींनी स्पिरिट ओढलं, पातळी त्या टोकाखाली गेली, की हवा वर आणि स्पिरिट खाली.

हा बुडबुडा मनात नीट बघा. टोक उघडं पडतं. बुडबुडा जातो. पातळी वर येते. टोक बुडतं. सगळं थांबतं. पुन्हा एकदा बघा, मनातही घाई न करता. लोक बर्नर म्हटला की ज्योतींकडे बघतात. माझ्या मते बर्नरची खरी कारागिरी या बारीक नळीच्या खालच्या टोकात आहे. ते टोक वातीच्या नळ्यांच्या तोंडापेक्षा पाच ते आठ मिलिमीटर खाली हवं. त्याहून वर असलं तर स्पिरिट नळ्यांतून उतू जाईल. फार खाली असलं तर वाती तहानेल्या राहतील. आणि रूळ सपाट हवेत. चढावर इंजिनाचं नाक वर झालं की मागचा हौद आणि पुढच्या वाती यांची पातळी बिघडते.

आता ऊन. परदेशातली माणसं याचा विचार कमी करत असतील, आपण करायलाच हवा. समजा टाकीत २० मिलिलिटर जागा रिकामी आहे, हवा आणि स्पिरिटच्या वाफेने भरलेली. सकाळी २५ अंशांना सगळं ठीक. मे महिन्यात दुपारी इंजिन उन्हात राहिलं आणि टाकी ४५ अंशांवर गेली. हवा फुगते, ती थोडीच. पण स्पिरिटच्या वाफेचा दाब जवळजवळ तिप्पट होतो. दोन्ही मिळून त्या २० मिलिलिटरचे सुमारे २५ होतात, आणि वरचे पाच मिलिलिटर, म्हणजे चमचाभर स्पिरिट, खाली ढकललं जातं. वातींनी मागितलेलं नसताना. बर्नर तेव्हा पेटलेला असेल तर चमचाभर स्पिरिटची आग इंजिनाखाली पसरते.

म्हणून टाकी आणि हौद यांच्यामध्ये एक बारीक तोटी, पेटवण्याआधी उघडायची आणि गाडी थांबली की आधी बंद करायची. बॉयलर आणि टाकी यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा. आणि गाडी चालवायची सकाळी, सावलीत. बर्नरला जोडणारी नळी तांब्यापेक्षा पितळेची बरी, कारण पितळ तांब्याच्या मानाने उष्णता बरीच कमी वाहून नेतं. बॉयलर मात्र तांब्याचाच, नेमक्या उलट कारणासाठी.

बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे आणि चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब थंड पाण्याने देऊन बॉयलर तपासलेला आहे, असं धरून चालू. हे झालेलं नसेल तर मनातसुद्धा पेटवू नका.

पेटवू. खाली पत्र्याचा ट्रे, शेजारी पाण्याची बादली. रॉकेलच्या आगीवर पाणी टाकलं तर रॉकेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. स्पिरिट पाण्यात मिसळतं आणि भरपूर पाणी पडलं तर विझतं. काडी लावा. काही दिसत नाही. उजेडात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. हात पुढे करू नका. कडब्याचं एक वाळलं पातं वातींवरून धरा. ते करपलं की पेटलंय. सावली करा, म्हणजे निळसर कडा दिसू लागतील.

आता वास घ्या. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास येतोय? म्हणजे ज्योत पुरती जळायच्या आतच गार तांब्याला टेकते आहे आणि अर्धवट जळलेलं स्पिरिट बाहेर पडतं आहे. वातीचं टोक आणि बॉयलर यांच्यामध्ये दोन-अडीच सेंटीमीटर जागा ठेवा. जवळ नेलं की जास्त तापेल हा समज इथे खोटा ठरतो. जळायला जागा मिळाली की तीच ज्योत जास्त काम करते आणि वास जातो. वाऱ्यासाठी दोन्ही बाजूंना पत्रे हवेत, पण खालून हवा यायची वाट मोकळी.

पाणी कुजबुजायला लागतं. मग तो आवाज जाड होतो, मग सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरतो. रेग्युलेटर उघडा. आठ चाकं फिरू द्या, हवं तितका वेळ.

ती फिरत असताना शेवटचा हिशेब करू. पाणी संपल्यावर ज्योत चालू राहिली तर कोरडा बॉयलर तापून सांधे जातात. म्हणून स्पिरिट पाण्याआधी संपलंच पाहिजे. एक ग्रॅम स्पिरिट सुमारे २७ किलोज्यूल उष्णता देतं. साध्या तापमानाच्या एका ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २.६ किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता बॉयलरला पोचते असं धरलं तर एक ग्रॅम स्पिरिट पाच ग्रॅम पाणी आटवतं. स्पिरिट पाण्याहून हलकं असल्यामुळे मापाच्या नळीत हे प्रमाण एकास चार पडतं. बॉयलरमध्ये आटू देण्याजोगं पाणी १०० मिलिलिटर असेल तर टाकीत २५ मिलिलिटरहून जास्त मावताच कामा नये. पण निम्मी उष्णता हा आपला अंदाज आहे. बर्नर त्याहून चांगला निघाला तर पाणी आधी संपेल. तेव्हा पहिल्या खेपेला कामचलाऊ टाकीत १५ मिलिलिटरच भरायचं. गाडी थांबली, तोटी बंद केली, सगळं गार झालं, की बॉयलरमधलं उरलेलं पाणी मापाच्या नळीत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा, आणि पक्क्या टाकीचा पत्रा त्यानंतर कापायचा.