देणे की दान?

नाशिकच्या पोलीस अकादमीत नवे फौजदार शपथ घेतात तेव्हा त्यांचे आईबाप, कुणाची बायको, मैदानाच्या कडेला बसलेले असतात. शपथ एकटाच घेतो. पण तिच्यात घरही बांधले जाते. घराला कुणी विचारत नाही.

२०२० च्या रमजानमध्ये याच जिल्ह्यातल्या मालेगावात करोना मोहल्ल्यामोहल्ल्यांत शिरला होता. मशिदी बंद, यंत्रमाग बंद, आणि गल्लीच्या तोंडाशी बाहेरगावाहून आणलेले शिपाई, राखीव दलाचे जवान, होमगार्ड. त्यांतले कितीतरी आजारी पडले, काही दगावले. कर्तव्यावर करोनाने गेलेल्या पोलिसांच्या वारसांना ५० लाख रुपये देण्याचे शासनाने त्या वर्षी जाहीर केले. रक्कम लहान नाही. पण ती एकदाच येते. बेवेचा रक्तदाब, सासूची साखर, मुलाचा दमा हे दर महिन्याला येतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे दार आता सगळ्यांनाच, ५ लाखांपर्यंत, उघडे झाले आहे. तरी ती ठरावीक शस्त्रक्रिया-उपचारांची, दवाखान्यात दाखल होण्याची योजना. रोजच्या गोळ्यांचे काय? शिवाय तिथे ती बाई राज्याची एक रहिवासी म्हणून जाते. तिच्या घरातून गेलेल्या माणसाचा हिशेब तिथे होत नाही.

विमा म्हटले की आमच्या घरांत आधी हलाल-हरामची चर्चा सुरू होते. १९८५ साली जेद्दाच्या फिकह अकादमीने व्यापारी विम्याला नकार दिला, हे आम्हाला पाठ असते. त्याच ठरावात परस्परसहकार्याच्या विम्याला मान्यता आहे, हे मात्र आम्ही सोयीने विसरतो. मयताची मालमत्ता वारसांची, आणि त्याची निराधार माणसे व कर्ज माझ्याकडे, अशा अर्थाची पैगंबरसाहेबांची हदीस प्रसिद्ध आहे. हे दयेचे बोलणे वाटत नाही. कारभार चालवणाऱ्याने अंगावर घेतलेली ती जबाबदारी आहे. मग शहीद शिपायाच्या कुटुंबाच्या औषधपाण्याचा हप्ता सरकारी तिजोरीतून भरला तर ती खैरात कशी? ते देणे आहे. आणि देणे मागायला अर्ज-विनंत्या कराव्या लागू नयेत.

इथे आमच्यातलेच काही जण विचारतील, खाकीचे एवढे कौतुक कशाला? मालेगावात २००६ च्या स्फोटांनंतर आमचीच मुले पकडली गेली आणि आरोपमुक्त व्हायला त्यांना २०१६ उजाडले. त्या दहा वर्षांचा हिशेब कुणी दिलेला नाही, तो आम्ही मागतच राहू. पण त्या हिशेबात नाक्यावर ताप घेऊन उभ्या राहिलेल्या शिपायाची मुलगी कुठे बसते? तिच्या बापाला मालेगाव निवडायची मुभा नव्हती. आमच्या मुलांनाही नव्हती. एक हक्क मागताना दुसरा नाकारला तर पहिल्यातलाही जोर जातो, असे आम्हाला वाटते.

होमगार्डचे तर आणखी अवघड. त्याला पगार नाही, कामाच्या दिवसांचा भत्ता. नाक्यावर मात्र तो त्याच उन्हात, त्याच शिपायाच्या शेजारी उभा होता. उद्या त्याची बायको दवाखान्याच्या खिडकीशी गेली आणि आतून कुणी नवऱ्याचा बक्कल नंबर विचारला, तर तिने काय सांगायचे?