नाक जमिनीपासून दोन इंचांवर

पिंजरा स्वच्छ आहे की नाही हे ठरवायला घरातली मोठी माणसे एकच कसोटी लावतात: वास येतो का? पाहुणे यायचे असले की ती आणखी कडक होते. गिनीपिगच्या बाबतीत मात्र ही कसोटी फसवी आहे. आपण ज्या खोलीत रोज वावरतो, तिथला वास आपल्या नाकाला काही दिवसांत जाणवेनासा होतो. शिवाय आपले नाक पाच फुटांवर असते आणि त्याचे जमिनीपासून दोन इंचांवर. मूत भुशात मुरते, जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. दिवाणखान्यात कुणी नाक मुरडेपर्यंत तो प्राणी तासन्‌तास तेच हुंगत पडलेला असतो.

ओल्या भुशावर उभे राहून त्याचे तळवे सुजतात, पुढे त्यांना जखमा होतात. अमोनियाने श्वासमार्गाचा दाह होतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात ढुंगणाकडचे केस ओले राहिले तर माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या जिवंत कातडी पोखरतात. इतके होऊनही तो तक्रार करत नाही. काकडी कापल्याचा आवाज आला की शीळ घालून घर डोक्यावर घेणारा हा प्राणी दुखण्याच्या वेळी गप्प बसतो. ज्यांची शिकार होते त्या जातीच्या प्राण्यांचा हा स्वभावच असतो, कारण आजारी दिसणारा आधी पकडला जातो. म्हणून ‘काही झाले असते तर कळले असते’ हे इथे चालत नाही.

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो मांसासाठी पाळला, पेरूत तो आजही ताटात येतो. त्याचे रानातले भाऊबंद गवतात चरत चरत पुढे सरकतात आणि घाण मागे राहते. त्यांची स्वच्छता ती एवढीच: जागा सोडता येणे. पिंजऱ्याचे दार लावताना आपण नेमके तेच काढून घेतो. त्यामुळे रोजची सफाई हा आपला त्याच्यावर उपकार आहे असे मला वाटत नाही. ती परतफेड आहे. आपल्याकडचा १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदासुद्धा प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकतो.

कामही फार अवघड नाही. ओला भुसा, लेंड्या, सुकलेला पाला रोज काढायचा, पाण्याची बाटली धुवायची आणि आठवड्यातून एकदा सगळा पिंजरा. तळाशी जमणारा पांढरा थर मुतातल्या कॅल्शियमचा असतो, तो पाणी घातलेल्या व्हिनेगरने सुटतो. आपल्या घरांतून फिनेलचा वास आला की स्वच्छतेचे समाधान मिळते, पण ते समाधान आपले. त्या इवल्या फुप्फुसांना फिनेल नको आणि सुवासिक देवदाराचा भुसाही नको. सगळा पिंजरा बदलतानाही जुन्यातला मूठभर कोरडा भुसा परत टाकावा. स्वतःच्या वासाचा मागमूस नसलेल्या घरात तो बिथरतो. स्वच्छतेचा अतिरेकही कधीकधी जुलूम होतो, हे आपल्याकडच्या काही स्वयंपाकघरांत वाढलेल्यांना वेगळे सांगायला नको.

खरा प्रश्न पुढेच आहे. हे करते कोण? हट्ट मुलाचा, पैसे वडिलांचे आणि लेंड्या आईच्या किंवा धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या वाट्याला. मावशींच्या कामाच्या बोलीत हा पिंजरा कधीच नव्हता. कुणीतरी हळूच तो त्यांच्याकडे सरकवलेला असतो. घाण काढणे हे आपले काम नव्हे, ही समजूत आपल्या समाजात मुळापासून रुजलेली आहे, आणि ती घरात अशाच छोट्या वाटांनी शिरते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषण केले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले होते. नकोशा कामाचा हक्क मागण्यासाठी उपाशी राहणारी माणसे याच महाराष्ट्रात होऊन गेली. आपल्या पोराला स्वतःच्या प्राण्याची ताटली तरी धुवायला सांगायला आपण का कचरतो?

गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो. पाचवीतल्या मुलाच्या वाढदिवसाला आणलेला प्राणी त्याच्या दहावीतही असतो, कदाचित बारावीतही. तोवर क्लास, सराव परीक्षा, मोबाइल आलेले असतात आणि ‘त्याचा अभ्यास आहे, राहू दे’ असे म्हणून घरातले मोठेच त्याला या कामातून मोकळे करतात. माझे मत विचाराल तर करू नये. रोजची दहा मिनिटे भुसा बदलल्याने कुणाची टक्केवारी घसरत नाही. आणि घसरेल असे खरेच वाटत असेल, तर दुकानात पिंजऱ्याची किंमत विचारण्याआधीच परत फिरावे.