वाकलेल्या माणसाची नजर

एप्रिलातली संध्याकाळ. मोहर्लीतल्या एका ओसरीवर मोहफुलं वाळत पडली होती आणि त्यांच्या शेजारी, लॅपटॉपवर, बॅटमॅन काळोख्या बोळातून चालला होता. खेळ २००९चा, ‘बॅटमॅन: अर्खम असायलम’. खेळणारा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, कॉमिक्सचा वेडा. पाहणारे त्याचे मामा, ताडोबात अनेक वर्षं गाईड असलेले.

भाच्याची तक्रार होती ती एका बटणाबद्दल. ते दाबलं की ‘डिटेक्टिव्ह मोड’ सुरू होतो: भिंतीआडच्या गुंडांचे सांगाडे दिसतात, हत्यारवाले वेगळ्या रंगात. “१९३९ साली बॅटमॅन ज्या मासिकात जन्मला त्याचं नाव ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’, मामाजी. शोधणारा माणूस तो! इथं शोधतं यंत्र. आपण फक्त चमकेल तिकडं धावायचं. कॉमिकमध्ये दोन चौकटींमधली कोरी फट तरी वाचणाऱ्याला स्वतः भरावी लागते.”

“बटण आहे तं दाबावं,” मामा म्हणाले.

ज्यांचा जन्म पगमार्क आणि वानरांचे कॉल यांवर गेला, त्यांनी असं म्हणावं? भाच्याला पाठिंबा हवा होता. त्याने मानसशास्त्र काढलं. १९९९चा सायमन्स आणि शाब्री यांचा प्रयोग: लोकांना चित्रफितीतले चेंडूचे पास मोजायला सांगितले, मधूनच गोरिलाच्या वेषातलं माणूस चालत गेलं, आणि जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. “म्हणजे कुठं पाहायचं हे दुसऱ्यानं ठरवलं की आपण आंधळे.”

“मोह वेचणारी बाई बी मोजतेच ना? पहाटे वाकून, डोळे फुलांवर. मागून वाघ आला तं तिला बेसावध म्हणशील? फुलं पाह्यली नाही तं टोपली भरत नाही, अन् फुलं पाह्यली तं झुडूप दिसत नाही. तुझ्या खेळात जीव गेला तं परत सुरू.”

ही अडचण जुनी आहे. सुंदरबनात १९८०च्या दशकात मध आणि लाकूड गोळा करणारे डोक्यामागे मुखवटा बांधू लागले. पाठीवर येणाऱ्या वाघाला वाटावं, हा आपल्याकडेच पाहतोय. सुपरहिरोचा मुखवटा माणूस लपवतो, हा मुखवटा नसलेली नजर दाखवतो.

आता ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठेत वाघ ओळखून गावाला सावध करणारे कॅमेरे आले. मामा त्यांच्या बाजूचे. “लहानपणी आम्ही इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत होतो. त्याला सारं जंगल कळे ते ढोलांवरून. स्वतः कुठं पाहत होता सारं? मी बी वानराच्याच डोळ्यानं पाहतो. झाडावरून त्याला दिसते, मला नाही.”

भाचा थबकला. वेताळासारखा नायकही उसन्या नजरेवर जगत होता, हे त्याने कधी ध्यानात घेतलं नव्हतं. मग त्याला मामांच्या बोलण्यातला कच्चा दुवा सापडला. “वानर ओरडलं नाही तर तुम्ही पाहणं सोडता का?”

“नाही.”

“पण कॅमेऱ्याचा इशारा आला नाही, तर गाव पाहणं सोडेल. कॅमेरा जिथं बसवलाय तिथलंच पाहतो. डिटेक्टिव्ह मोडमध्येही भिंतीवरचं चित्र हरवतं, रंग दिलेलंच डोळ्यात भरतं. ज्याला रंग दिला नाही ते नाहीच, असं वाटायला लागतं.”

मामा बराच वेळ फुलं वर-खाली करत राहिले. वानराची चूक कानाला कळते, ते उगाच घाबरलंय की खरंच काही आहे. यंत्राची चूक कशी ओळखायची, हे त्यांना सांगता येईना. तरीही त्यांना बटण बंद नको होतं.

“उद्या पहाटे तू ये,” ते म्हणाले. “मी वेचतो, तू उभा राहून पाह्य. फोन घरी ठेवजो.”

“आणि गावाला सावध करणारे कॅमेरे?”

“ते चालू राहू दे.”

भाच्याने लॅपटॉप मिटला. पहाटे किती वाजता निघायचं, ते विचारलं.