भयाचेही ध्यान लागते

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या उपनगरांत घरोघरी चौरंग मांडले जातात आणि गुरुचरित्राच्या पोथ्यांची वस्त्रे सोडली जातात. बोरिवलीला जा नाहीतर मुलुंडला जा, प्रवचन संपून प्रसाद हातावर पडला की एक-दोन जण मागे रेंगाळतात आणि हळू आवाजात तेच विचारतात. "बुवा, रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं. काय वाचू?" कारणे निरनिराळी. कोणाची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि बिल्डरकडून भाड्याचे पैसे वेळेवर येतील ना, ही धास्ती. कोणाचा मुलगा शेवटच्या लोकलने येतो. कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले आहे. डोंगर कोसळलेला नाही, पण जीव टांगलेला आहे.

भक्तजनहो, आपले दैवतच मुळी निर्भयतेचे आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला रानात एक अवधूत भेटतो. त्याचे वर्णन करताना तिथे शब्द आला आहे 'अकुतोभय', म्हणजे ज्याला कुठूनही भय नाही असा. राजाला नवल वाटले. राजवाडा, सैन्य, खजिना सगळे असून त्याला जे मिळाले नव्हते, ते या निष्कांचन माणसाच्या तोंडावर दिसत होते. अवधूताने मग आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी ही नावे आपल्याला पाठ असतात. चोविसावा गुरू मात्र घाईत राहून जातो. तो म्हणजे कुंभारमाशी.

खिडकीच्या कोपऱ्यात मातीचे घर करते ना, तीच. ती एक अळी पकडून आणते आणि घरात कोंडते. अळी भयाने त्या माशीचेच चिंतन करीत राहते आणि शेवटी माशीच होते. अवधूत म्हणतो, प्रेमाने असो, द्वेषाने असो की भयाने, मन जिथे पूर्ण लागेल तसे माणसाचे रूप होते. आपण हा दृष्टान्त देवाच्या ध्यानासाठी नेहमी ऐकतो. पण जरा उलट बाजूने बघा. भय हेसुद्धा ध्यानच आहे! जप करताना मन दोन मिनिटे टिकत नाही म्हणणारा माणूस चिंतेचा विषय निघाला की रात्री दोनपर्यंत एकाग्र असतो. माळ नाही, आसन नाही, आणि समाधी लागलेली!

कीटकांचा अभ्यास करणारे सांगतात की अळीची माशी होत नाही. माशी नांगी मारून अळीला लुळी करते, शेजारी अंडे घालते, आणि अंड्यातून निघालेले पिल्लू त्या जिवंत अळीलाच खाते. म्हणून घरातून शेवटी माशी बाहेर येते. मला तर यात विरोध दिसत नाही. उलट भीतीचा स्वभाव या दुसऱ्या हकिकतीत जास्त उघडा पडतो. आधी हातपाय लुळे, मग आतून खाणे.

आपण मुंबईकर खऱ्या भयाला अनोळखी नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या बंद, फोन बंद, माणसे रात्रभर कमरेएवढ्या पाण्यातून चालत होती. पुढच्याच वर्षी 11 जुलैला संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेवर माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत सात स्फोट झाले. 180 हून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा लोकलमध्ये चढले. त्याला कोणी शूरपणा म्हणाले. मला विचाराल तर पोटासाठी जावेच लागत होते, आणि पुष्कळांच्या पोटात गोळा होता. भीती गेली म्हणून माणसे चढली नाहीत. ती भीतीसकट चढली. पावसाच्या रात्रीही ज्यांनी अनोळखी माणसांना घरात घेऊन चहा टाकला, त्यांचे स्वतःचे कोणीतरी बाहेर अडकलेले होतेच. हाताला काम होते, म्हणून मनाला त्या मातीच्या घरात बसायला सवड मिळाली नाही.

आता गुरुचरित्राचा चौदावा अध्याय. संकटात हा अध्याय वाचायची आपल्याकडे रीतच आहे. सायंदेवाला एका क्रूर अधिकाऱ्याचे बोलावणे आले आहे. गेले की प्राण जाणार, असे त्याला वाटते. तो काय करतो? पहिली गोष्ट म्हणजे तो बोलतो. श्रीनृसिंहसरस्वतींचे पाय धरून, आडपडदा न ठेवता सगळे सांगतो. आणि महाराज त्याला 'इथेच लपून राहा' म्हणत नाहीत, 'घाबरतोस काय' म्हणून हिणवतही नाहीत. ते म्हणतात, जा, तू परत येईपर्यंत मी इथेच आहे. सायंदेव गेला. वाटेत त्याच्या मनात अधिकारी नव्हता, गुरू होते. ध्यान तेच, विषय बदललेला. पुढे त्याच अधिकाऱ्याने वस्त्रे देऊन त्याला सन्मानाने परत पाठवले, हे आपण जाणताच.

हे सांगण्याचे कारण आजचे आहे. हल्ली ज्येष्ठांना फोन येतो. "पोलीस बोलतोय, तुमच्या नावाने गुन्हा आहे, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात कोणालाही सांगायचं नाही." शेवटचे वाक्य नीट ऐका. सायंदेवाने जे केले, नेमके तेच करू द्यायचे नाही, यावर त्या चोराचा सगळा धंदा उभा आहे. तासन् तास कॉलवर बसवून तो आपले ध्यान करायला लावतो. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच. फोन ठेवा, शेजारी जाऊन सांगा, 1930 वर तक्रार करा.

आणि ज्यांची झोप आठवडे-आठवडे उडाली आहे, जेवण जात नाही, त्यांनी चौदावा अध्याय जरूर वाचावा आणि डॉक्टरांकडेही जावे. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग अध्याय. 14416 ही सरकारची मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येते. त्यात कमीपणा कसला? अवधूताने अजगराला गुरू केले, आपण डॉक्टरला करायला काय हरकत आहे!

सात दिवसांच्या पारायणात चौदावा अध्याय बहुधा दुसऱ्या दिवशी येतो. तो झाला की पोथी लगेच गुंडाळू नका. समोर जे कोणी बसले असेल, सून असो, नातू असो, त्याला विचारा, "बाळ, तुला कशाची धास्ती वाटते?" आजोबांनाही विचारा. ते आपणहून सांगायचे नाहीत. उत्तर देण्याची घाई करू नका. ऐकून घ्या, आणि मग पंधरावा अध्याय सुरू करा.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!