गाणे ऐकून डोळे भरतात, पुढे काय?



उपवासकाळ आला की एक प्रश्न हमखास येतो : "फादर, या दिवसांत सिनेमाची गाणी ऐकलेली चालतात का?" मंदिरातला नियम आपल्याला ठाऊक आहे. आलेलूया थांबतो; चौथा रविवार व मोठे सण सोडले तर वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजतात. पण घरातला टीव्ही, ऊसतोडीच्या कोपीतला मोबाईल, यांचे काय?

एकच गाणे घेऊ. 'ऐ मालिक' ही प्रार्थना आपल्यातील अनेकांनी शाळेत म्हटली आहे. शब्द भरत व्यासांचे, संगीत वसंत देसाईंचे, आवाज लताबाईंचा. व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ' मधले हे गाणे. कथा गदिमांची, आणि तिच्यामागे आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाचा प्रयोग. जेलर सहा खुनी कैद्यांना शेतीवर नेतो. ते पळू पाहतात, तेव्हा त्याचे डोळे आठवून परत फिरतात. 1958 साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला कॅथोलिक चित्रपट संघटनेचेही पारितोषिक मिळाले.

अशीच एक नजर शुभवर्तमानात आहे (लूक 22:61). पेत्राने तिसऱ्यांदा नाकारले, कोंबडा आरवला आणि प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले. पेत्र बाहेर जाऊन रडला. त्या नजरेची आठवण देणारे गाणे उपवासकाळात ऐकायला हरकत कसली?

मात्र संत ऑगस्टीन सावध करतात. नाटकातले दुःख पाहून रडायला आपल्याला आवडते, कारण तिथे कोणाला मदत करावी लागत नाही, असे त्यांनी 'कन्फेशन्स'मध्ये दाखवून दिले आहे. पडद्यावरच्या कैद्यासाठी आपण डोळे पुसतो. तोच कैदी शिक्षा भोगून आपल्या वस्तीत आला तर? त्याला काम कोण देतो? त्याच्या मुलीला सून म्हणून कोण पत्करतो? ज्या घरातले माणूस गेले, त्यांचे दुःख खरेच आहे. क्षमा म्हणजे ते पुसून टाकणे नव्हे. पण शिक्षा संपल्यावरही आपण दार बंद ठेवले, तर ती दुसरी शिक्षा आपण दिलेली असते.

म्हणून गाणे जरूर ऐका. मात्र अश्रूंपाशी थांबू नका. तुरुंगात असलेल्याला भेटणे म्हणजे मला भेटणे, असे प्रभू सांगतो (मत्तय 25). या आठवड्यात अशा एका घरी जा, अंगणात बसा, चहा घ्या. तोही उपवासच आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू